जुनी गाडी का तापते? दोष शोधण्याची रीत

मे महिन्यातील दुपार. मोले मागे टाकून अनमोड घाट चढू लागलेल्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचा तापमानाचा काटा तिसऱ्या-चौथ्या वळणावर लाल पट्टीकडे सरकतो. पुढच्या वळणावर बॉनेटच्या फटीतून वाफ दिसते, गाडी कडेला थांबते आणि माणसे सावली शोधतात. येणारे-जाणारे सल्ले देतात. एक म्हणतो, रेडिएटर चोंदला असेल. दुसरा म्हणतो, थर्मोस्टॅट काढून टाका. तिसऱ्याला वॉटर पंपाचा संशय येतो. मालक महिनाभरात तिन्ही कामे करून घेतो, पैसे मोजतो आणि पुढच्या बेळगाव फेरीला गाडी त्याच वळणावर पुन्हा उकळते.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत हा अनुभव इतका सर्रास आढळतो की ‘जुनी गाडी म्हटली की तापणारच’ असे अनेकांनी गृहीत धरले आहे. वस्तुस्थिती तशी नाही. या गाड्या नव्या होत्या तेव्हाही मे महिना होता, घाट होते आणि गाड्यांत पाच-सहा माणसे बसत होती. त्या वेळी न तापणारे इंजिन आज तापत असेल, तर मधल्या काळात काहीतरी बिघडले आहे आणि ते शोधून काढता येते. त्यासाठी हाती पाना घेण्यापूर्वी एका प्रश्नाचे नेमके उत्तर मिळवावे लागते : गाडी तापते ती कधी?

उष्णतेचा हिशेब

जुन्या पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. सुमारे एक तृतीयांश ऊर्जा धुरावाटे बाहेर पडते आणि जवळपास तेवढीच इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते. वॉटर पंप हे पाणी ब्लॉक आणि हेडमधून फिरवतो, थर्मोस्टॅट त्याला रेडिएटरकडे जाण्याची वाट देतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये ते पसरते आणि पंख्याने ओढलेली हवा त्यातील उष्णता काढून घेते. या साखळीची एक कडी जरी कमजोर झाली तरी काटा चढतो. आणखी एक शक्यता मात्र सहसा कोणी विचारात घेत नाही. साखळी शाबूत असूनही इंजिनच प्रमाणाबाहेर उष्णता निर्माण करीत असू शकते.

रेडिएटरचे झाकण हाही या व्यवस्थेचा महत्त्वाचा भाग आहे. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तर उंचीवर प्रत्येक ३०० मीटरमागे सुमारे एक अंश आधीच. झाकणातील स्प्रिंग आत दाब राखते आणि प्रत्येक पीएसआय दाबामागे उत्कलनबिंदू दीड अंशाहून किंचित अधिक वाढतो. त्यामुळे सात पीएसआयचे झाकण सुस्थितीत असल्यास पाणी ११० अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक होऊन चिरले असेल, तर ही सारी सवलत संपते आणि निरोगी इंजिनही घाटात वाफ सोडू लागते. दोष शोधण्याची सुरुवात झाकणापासून करावी, कारण ते सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त दुर्लक्षितही. नवे झाकण मूळ दाबाचेच घ्यावे. ‘जास्त दाबाचे बसवा’ हा सल्ला जुन्या रेडिएटरच्या झाळलेल्या सांध्यांना मानवत नाही.

आधी काटा खरा बोलतो का?

चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीतील तापमानदर्शकावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. सेन्सर बिघडणे, वायरचे अर्थिंग सैल होणे, बदललेला सेन्सर मूळ मीटरशी न जुळणे अशा कारणांनी थंड इंजिनही लाल पट्टी दाखवू शकते. म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर आणि रेडिएटरच्या वरच्या टाकीवर कारखान्यात वापरतात तसा इन्फ्रारेड तापमापक रोखून प्रत्यक्ष तापमान पाहावे. करोनाकाळात घरोघरी आलेला ताप मोजण्याचा तापमापक येथे उपयोगी नाही. त्याची मर्यादा शरीराच्या तापमानाच्या आसपासच संपते. ८० ते ९५ अंशांच्या दरम्यानचे तापमान बहुतेक जुन्या इंजिनांसाठी स्वाभाविक असते. काटा लाल पट्टीत आणि प्रत्यक्ष तापमान ८५ असेल, तर दुरुस्ती इंजिनाची नव्हे, मीटरची करायची आहे.

गाडी थांबवून इंजिन बंद केल्यावर काटा काही काळ वर जातो, हेही दोषाचे लक्षण मानू नये. पंप आणि पंखा थांबतात, पण तापलेले धातू पाण्याला उष्णता देतच राहतात. घाटमाथ्यावर पोहोचताच इंजिन बंद न करता एक-दोन मिनिटे संथ चालू ठेवण्याची जुन्या चालकांची सवय यासाठीच होती.

तापण्याची वेळ दोषाचा पत्ता सांगते

गाडी पणजी किंवा मडगावच्या वाहतूक कोंडीत तापते, पण महामार्गावर निघताच काटा खाली येतो, असे असेल तर दोष हवेच्या प्रवाहात शोधावा. ताशी ५० किलोमीटरच्या पुढे समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरतो. उभ्या गाडीत मात्र सारी भिस्त पंख्यावर असते. बेल्ट सैल आहे का, हे दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबून पाहावे. बेल्ट साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा, त्याहून अधिक नको. कडा चकचकीत झालेला बेल्ट ताणूनही घसरतो. पंखा दुरुस्तीनंतर उलटा बसवलेला आढळतो, तेव्हा तो फिरतो पण हवा पुरेशी ओढत नाही. रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे, चिखल आणि वाळलेला पालापाचोळा आतल्या बाजूने पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने काढावा. जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत किंवा रॅलीत पायी चालण्याच्या वेगाने जाताना अनेक सुस्थितीतील गाड्या तापतात, त्यामागेही हेच कारण असते.

उलट, गाडी शहरात शांत असते आणि वेगात किंवा चढावर तापते, तेव्हा पाण्याचा प्रवाह अपुरा असल्याचा संशय घ्यावा. येथे पहिला आरोपी म्हणजे क्षारांनी चोंदलेला रेडिएटर. इंजिन चांगले गरम करून बंद करावे आणि जाळीवर तापमापक फिरवावा. वरून खाली तापमान हळूहळू उतरत गेले पाहिजे. मध्येच थंड पट्टे लागले, तर त्या नळ्यांतून पाणी जातच नाही. दुसरा आरोपी रेडिएटरच्या तळाचा होज पाइप. पंप त्यातून पाणी ओढतो, त्यामुळे जुने मऊ झालेले रबर जास्त वेगात आतल्या आत चिमटते आणि इंजिन मंदावताच पूर्ववत होते. गाडी उभी असताना पाइप ठणठणीत दिसतो; दुसऱ्याला ॲक्सिलरेटर दाबायला सांगून पाहिले तरच चोरी पकडली जाते. तिसरा आरोपी वॉटर पंप. त्याची पाती गंजून झिजली असतील, तर बाहेरून थेंबही न गळता पंप निकामी होतो.

थंड इंजिन सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर धावत असेल आणि वरचा होज पाइप मात्र थंडच राहिला असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे. तोच पाइप सुरू केल्यापासून मिनिटभरात दगडासारखा कडक झाला, तर प्रकरण गंभीर आहे. पाणी तापण्याआधीच दाब तयार झाला, म्हणजे सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहेत.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणे. ‘हा थंड देशांसाठीचा भाग, इथे काय कामाचा?’ हे त्याचे समर्थन. हा समज चुकीचा आहे. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडू लागतो आणि पूर्ण उघडल्यावर पाण्याला जवळजवळ मोकळी वाट देतो. सुस्थितीतला थर्मोस्टॅट तापमानाची खालची मर्यादा ठरवतो, वरची नव्हे. तो काढल्याने चोंदलेला रेडिएटर मोकळा होत नाही. केवळ काटा चढायला काही मिनिटे अधिक लागतात आणि मूळ दोष तेवढ्याने झाकला जातो. काही इंजिनांत तर तो काढल्यावर पाण्याचा मोठा भाग रेडिएटर टाळून आडवाटेने पुन्हा इंजिनातच फिरू लागतो. शिवाय छोट्या फेऱ्यांत इंजिन कधीच पुरेसे गरम होत नाही, तेलात ओलावा साचून गाळ धरतो आणि सिलिंडर लवकर झिजतात.

थर्मोस्टॅटची परीक्षा घरच्या स्वयंपाकघरात होते. तो दोऱ्याने पातेल्यातील पाण्यात लोंबकळत ठेवावा, शेजारी तापमापक धरावा आणि पाणी तापवावे. अंगावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागला आणि उकळीपर्यंत चांगला उघडला, तर तो निर्दोष आहे. मग तो गाडीत परत बसवावा.

पाणी कोणते भरावे?

वर्षानुवर्षे विहिरीचे, बोअरवेलचे किंवा वाटेतल्या नळाचे पाणी भरत गेल्याने रेडिएटरमध्ये आणि ब्लॉकच्या पोकळ्यांत क्षारांचा थर बसतो. हा थर उष्णता रोखून धरतो. किनारपट्टीवरील मचूळ पाणी गंजाला आमंत्रण देते. सर्वाधिक गाळ साचतो तो ब्लॉकच्या मागच्या टोकाला, शेवटच्या सिलिंडरभोवती. म्हणूनच नवा रेडिएटर बसवूनही काही गाड्या तापतच राहतात. ब्लॉकवरील निचऱ्याचा नळ उघडला आणि पाणीच आले नाही, तर तेथे गाळ आहे असे समजावे. तारेने वाट मोकळी करून उलट दिशेने पाणी सोडावे आणि ते स्वच्छ येईपर्यंत धुवावे.

साफसफाईच्या रसायनाबाबत एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. ॲम्बेसेडरच्या मूळ १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचे हेड ओतीव लोखंडाचे असते, तर फियाट ११०० आणि पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचे ॲल्युमिनियमचे. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला अक्षरशः खातो. एका गाडीला मानवलेला उपाय दुसरीचे हेड भोके पाडून ठेवू शकतो. सफाईनंतर डिस्टिल्ड पाणी आणि इथिलिन ग्लायकॉलयुक्त कूलंट समप्रमाणात भरावे. गोव्यात पाणी गोठण्याची भीती नाही. तरीही कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये आणि उत्कलनबिंदूत होणारी वाढ यांसाठी ते हवे. या द्रव्यांची शक्ती ओसरते, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी ते बदलणे इष्ट.

दोष पाण्यात नसतो तेव्हा

रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट सारे नवे आणि तरीही गाडी चढावर तापते, शिवाय पूर्वीसारखी ओढत नाही, असे दिसल्यास लक्ष इग्निशनकडे वळवावे. ठिणगी उशिरा पडली, तर मिश्रण पिस्टन खाली जात असतानाही जळत राहते. त्या ज्वाला सिलिंडरच्या भिंतींना आणि धुराच्या मार्गाला भाजून काढतात. चाकांना मिळायची ताकद पाण्याच्या वाट्याला उष्णता होऊन येते. जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये हा दोष आपोआप निर्माण होतो. पॉइंटची फायबरची टाच झिजते, ०.४ मिलीमीटरच्या आसपास असायला हवी ती फट कमी होते आणि टायमिंग नकळत मागे पडते. व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा पडदा फाटला असेल, तर त्यात आणखी भर पडते. मालक रेडिएटरवर खर्च करीत राहतो आणि आजार डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली असतो.

कार्ब्युरेटरची कथाही अशीच आहे. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, तर अशा मिश्रणाला सुमारे १३.५. जुना कार्ब्युरेटर स्वतःहून हा फरक ओळखत नाही, त्यामुळे मिश्रणात इंधन कमी आणि हवा जास्त होते. असे मिश्रण हळू जळते आणि परिणाम उशिरा पडलेल्या ठिणगीसारखाच होतो. जेट आणि मिश्रणाचा स्क्रू जाणकाराकडून नव्याने जुळवून घेणे हा त्यावरचा उपाय. इथेनॉल ७८ अंशांनाच उकळते, हेही ध्यानात ठेवावे. दुपारी गाडी अचानक गचके देऊन बंद पडली, पण काटा जागेवरच असेल, तर इंजिन तापलेले नसून पेट्रोलच्या नळीत वाफ अडकलेली असू शकते.

एखाद्या चाकाचा ब्रेक सुटत नसेल तरीही इंजिनावर सतत ओझे राहते. थोडे अंतर चालवून चारही चाकांचे तापमान पाहिले, तर एकच चाक जास्त गरम लागल्याने हा दोष लगेच उघड होतो.

हेड गॅस्केट : कारण की परिणाम?

इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण काढावे, इंजिन सुरू करावे आणि पाण्याकडे पाहत राहावे. सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे स्वाभाविक आहेत. ते अखंड येत राहिले, तर हेड गॅस्केट फुटल्याची शक्यता मोठी. कुठेही गळती नसताना पाणी कमी होणे, गरम झाल्यावरही धुरात पांढरी वाफ येणे आणि तेलाच्या झाकणाखाली दुधासारखा फेस जमणे ही त्याचीच लक्षणे.

ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. ॲल्युमिनियमचे हेड आणि लोखंडी ब्लॉक यांची जोडी बेसुमार तापली की हेड वाकते आणि मधले गॅस्केट मार खाते. म्हणून गॅस्केट बदलताना हेड सपाट आहे का, हे सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासलेच पाहिजे. शिवाय गॅस्केट फुटणे हे बहुतेक वेळा तापण्याचे कारण नसून परिणाम असते. ज्या मूळ दोषाने गाडी तापली तो तसाच राहिला, तर नवे गॅस्केटही काही महिन्यांचेच सोबती. आणि हेड प्रत्येक वेळी खरडून सपाट करता येत नाही. त्याच्या जाडीला मर्यादा आहे.

वाटेत गाडी उकळली तर

काटा चढू लागला, पण वाफ दिसत नसेल, तर गाडी सुरक्षित जागी कडेला घेऊन न्यूट्रलमध्ये टाकावी आणि इंजिनाचा वेग किंचित वाढवावा. पंखा आणि पंप इंजिनाबरोबरच फिरत असल्याने बऱ्याचदा काटा उतरतो. वाफ येत असल्यास, बेल्ट तुटला असल्यास किंवा पाणी वाहून गेले असल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे.

यानंतरची पहिली अर्धी घटका माणसासाठी आणि यंत्रासाठीही सर्वांत धोक्याची. गरम रेडिएटरचे झाकण उघडताच दाब नाहीसा होतो, १०० अंशांच्या वर गेलेले पाणी क्षणात उसळते आणि चेहरा व हात भाजतात. निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. वरचा होज पाइप हाताला सोसेल इतका निवल्यावर जाड ओले फडके घेऊन झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, उरलेला दाब जाऊ द्यावा आणि मगच ते काढावे. कोरड्या तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये. त्याने हेड किंवा ब्लॉकला तडा जातो. इंजिन संथ चालू ठेवून बारीक धारेने पाणी भरावे.

मूळ इंजिनाचे मोल

कुर्ल्याच्या कारखान्यातील पद्मिनीचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले आणि उत्तरपाड्यातील ॲम्बेसेडरचे २०१४ मध्ये. चांगल्या स्थितीतील हेड आता भंगार बाजारात शोधावे लागते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. त्यांत वाहन मूळ स्वरूपात असण्याची आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसण्याची अट आहे. मूळ इंजिन गमावणाऱ्या मालकाला दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवून ही उणीव भरून काढता येत नाही.

म्हणून अशा गाडीत एक छोटी वही ठेवणे शहाणपणाचे. काटा चढला ते ठिकाण, वेळ, वेग, चढ होता की सपाट रस्ता, किती पाणी भरावे लागले आणि शेवटचे टायमिंग कधी जुळवले, एवढ्याच नोंदी पुरेत. चार फेऱ्यांची ही वही मिस्त्रीपुढे ठेवली, तर तो रेडिएटर उतरवण्याआधी बेल्ट दाबून पाहील किंवा डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडेल. निम्मे निदान त्याच नोंदींत झालेले असते.